डॉक्टरकाकांची गाडी

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. माझा नवरा सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी सिल्वासातल्या शाळेत मराठी शिकवायचे. आम्ही दोघंही नाशिकचे. तिथे माझे वडील एकटे राहत. आई गेली त्याच वर्षी ते अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालायला लागले, पण एसटीची पायरी काही त्यांना चढवेना. आमच्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "येईन ना. पाय जरा बरा होऊ दे." तो आता बरा होणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून आम्ही जुनी गाडी शोधायला लागलो. नाशकात असतो तर चार ओळखीचे मेकॅनिक होते. इथे कुणावर विश्वास ठेवावा कळेना. आठ-दहा गाड्या पाहून झाल्या. शेवटी कारखान्यातल्या फोरमनने जवळच्याच दादरा गावातल्या एका निवृत्त गुजराती डॉक्टरांचं घर सांगितलं.

एका रविवारी आम्ही तिथे गेलो. चिंचेखाली फिकट राखाडी रंगाची गाडी उभी होती, पुसून लख्ख. डॉक्टर सत्तरीचे, उंच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मुंबईत शिकलेले असल्याने मराठी बोलायचे, पण त्यांच्या पद्धतीने.

"गाडी चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," नवरा म्हणाला. "कंपनीची जीप चालवतो."

"आणि बेन?"

"मला येत नाही," मी म्हणाले.

"मग नाही देत."

आम्हाला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. "ही माझ्या मिसेसची गाडी. मी पेशंट बघायचा, ती चालवायची. टॅक्सीवाले रोज येतात, त्यांना नाही देत. तिच्या जागेवर कोण बाई बसणार असेल, तर देतो."

"मला शिकवणार कोण?"

"मी शिकवीन."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या आवाजाकडे पाहत होते. काचबिंदूने नजर गेली होती. अगदी समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं काही नाही.

 घरी परतताना नवरा म्हणाला, "ज्यांना दिसत नाही ते गाडी शिकवणार. आणि तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

शिकाऊ लायसन्स काढलं. दर रविवारी सकाळी मी स्टिअरिंगवर, डॉक्टरकाका शेजारी आणि नवरा जीव मुठीत धरून मागे. काका कानाने शिकवायचे. इंजिन जरा कण्हलं की म्हणायचे, "गिअर बदल, ती मागते आहे." क्लच घाईने सोडला की गुडघ्यावर टिचकी वाजवायचे, स्वतःच्याच. आणि एक नियम होता: बोलत चालवायचं. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं.

"डावीकडे सायकलवाला. पुढे बैलगाडी. उजवीकडे बायका पाणी घेऊन चालल्यात."

"किती बायका?"

"तीन."

"बरं. मग पुढे?"

मला वाटायचं, माझं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून ही युक्ती आहे. तशी ती होतीही. पण एका रविवारी नरोलीकडे जाताना त्यांनी विचारलं, "पुलाच्या पलीकडे आंबे आहेत. मोहोर आला?"

मी गाडी कडेला घेतली. मोहोर आला होता, एका झाडाला जास्त, बाकीच्यांना थोडा. मी तसं सांगितलं. एका झाडालाच का जास्त, असं त्यांनी विचारलं आणि स्वतःच हसले. मागे वळून पाहिलं, तर नवरा खिडकीबाहेर पाहत होता. त्या दिवसापासून तोही मागून सांगायला लागला: नवी शेड उभी राहिली आहे, तळ्यात बदकं आहेत, कुणाच्या तरी अंगणात मांडव घातला आहे.

पक्कं लायसन्स मिळालं त्याच संध्याकाळी काकांनी कागदांवर सह्या केल्या. सही कुठे करायची ते मी त्यांचं बोट धरून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाबांना आणायला नाशिकला गेलो. परतताना पेठच्या घाटात स्टिअरिंग माझ्या हातात होतं. बाबा शेजारच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. मी सवयीने बोलत होते, वळण, ट्रक, दोन गाई. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "अगं, मला दिसतंय की." मग मी त्यांना काकांची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मला भेटव त्यांना."

भेटवलं. एकाला धड चालता येत नव्हतं आणि एकाला दिसत नव्हतं, पण दोघं मिळून रोज संध्याकाळी तळ्याच्या बागेत फेरी मारायचे. बाबांचा एक हात काठीवर, दुसरा काकांच्या खांद्यावर. मी त्यांना सोडायचे आणि वह्या तपासत गाडीतच बसायचे. बोलत काय असतील, मी कधी विचारलं नाही.

वर्षभर असं चाललं. मग काकांचा मुलगा त्यांना बडोद्याला न्यायला आला. वापी स्टेशनवर सोडायला मीच गेले. बाबा म्हणाले, मला काही ते पाहवणार नाही, तू जा. गाडी सुटण्याआधी काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि लेकीच्या ठेवावा तसा माझ्या डोक्यावर ठेवला. "दीकरी, ब्रेक महिन्यातून एकदा दाखव," एवढंच म्हणाले.

परतीचा प्रवास मी पहिल्यांदाच एकटीने केला. मध्ये एकदा थांबून डोळे पुसावे लागले. घरी पोहोचले तर स्वयंपाकघरातून कसलासा करपट वास येत होता. आई होती तोवर बाबांनी कधी गॅस पेटवला नव्हता; ती गेल्यावरही चहा-जेवण शेजारून यायचं. आज ओट्याला टेकून, काठी भिंतीशी ठेवून त्यांनी माझ्यासाठी चहा केला होता. अर्धा उतू गेला होता आणि उरलेल्यात साखर फार होती.

"बस. दमली असशील," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.