आंबट वासाची ट्यूब

मुनीराभाभींच्या खिडकीची पट्टी पडली आणि ठेकेदार हर्षदनं चारचौघांत सांगून टाकलं, "बाईच्या हातात जोर नाय, दुसरं काय!"

झालं! अनिताचं डोकंच फिरलं. नागोठण्याच्या कंपनीतलं कंत्राट संपल्यावर रडत न बसता जिनं ड्रिल हातात घेतलं, सहा वर्षं शेजारच्या वरसे गावाहून स्कूटी हाणत येऊन रोह्यातल्या निम्म्या नव्या खिडक्या जिनं बसवल्या, तिच्या हातात म्हणे जोर नाय! आणि ही बोंब गावभर झाली की हिला पुन्हा काम कोण देणार? हर्षदला काय, तो दुसरा माणूस आणेल.

वाळवीनं खाल्लेल्या लाकडी खिडक्या काढून भाभींनी प्लास्टिकच्या बसवून घेतल्या होत्या. चौकट आणि भिंत यांच्यामधली फुटकी कड झाकायला ही पांढरी पट्टी. ती चिकटवायची सिलिकॉनची ट्यूब हर्षदनंच दिलेली. अनितानं पडलेली पट्टी उलटी केली. मागे चुन्याचा पापुद्रा, एकावर एक थर. दरसाल रमजानआधी घराला चुना लागायचा, जुना कधी कोणी खरवडला नव्हता.

"हा चुना सुटलाय, माझा हात नाय सुटला," ती म्हणाली. "भिंत खरवडायला दोन दिवस मागितले, तुम्ही दिले नायत. आणि ही ट्यूबही नको. सिरक्यासारखा वास मारते ती. आंबट माल चुन्याच्या भिंतीवर धरत नाय. बिनवासाची आणा."

"खरवड हवं तर. ट्यूब हीच. पेटीभर आणून ठेवलीय," हर्षद म्हणाला. "तू मला शिकवू नकोस."

"व्हय, शिकवते! तुम्ही शिकत नाय म्हणून तर पट्टी पडली!"

मुनीराभाभींचा नवरा नावेद कतारमधल्या दोहाहून व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "मुनीरा, सरळ दुसरा गडी बघ." भाभी अनिताकडे बघत राहिल्या. अनितानं हातातली पट्टी खाली ठेवली.

"भाभी, एकच खिडकी द्या. दोन्ही बाजू मी खरवडते. डावीकडं हर्षदशेठची ट्यूब, उजवीकडं माझी, माझ्या पैशाची. चार दिवसांनी शेठनंच ओढून बघायचं. माझी सुटली तर या गावात परत ड्रिल धरणार नाय."

"बोलून बसलीस गो!" भाभी कळवळल्या. "बरं, कर."

दोन दिवस ती खरवडत होती. पांढरी भुकटी केसांत, नाकात, जेवणाच्या डब्यात. खालचा टणक चुन्याचा गिलावा लागला, तो पुसून वाळवला, मगच दोन्ही पट्ट्या लावल्या. हर्षद मधे येऊन हसून गेला.

पट्ट्या लावल्यावर चार दिवसांनी त्यानं डावी पट्टी धरली. सहज हातात आली. मागे रबरासारखी दोरी आणि पांढरं पीठ. मग उजवी. ओढली, हिसडली, शेवटी पाय भिंतीला लावला. काडकन पट्टीच मोडली. अर्धी त्याच्या हातात, अर्धी भिंतीला घट्ट.

"आता बोला, कोणाच्या हातात जोर नाय?"

हर्षदनं घाम पुसला. "बरं बाबा. बाकीच्या खिडक्या तुझ्या पद्धतीनं कर."

"नुसतं तेवढं नाय. यापुढं ट्यूब मी निवडणार. आत्ता दुकानात फोन लावा, माझ्यासमोर."

त्यानं भाभींकडे पाहिलं. भाभींनी हाताची घडी घातली होती. त्यानं फोन लावला. "हां, त्या पेटीतल्या ट्यूबा परत घे. बिनवासाच्या काढून ठेव. एक बाई येईल न्यायला..."

"बाई येईल नाय!" अनिता कडाडली. "मिस्त्री येतील म्हणा."

पलीकडून दुकानदार हॅलो, हॅलो करत होता.

"अनिता मिस्त्री येतील," हर्षद म्हणाला. "त्या सांगतील तेच द्यायचं."