नियुक्तिपत्रातलं सातवं कलम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदार कंपनीची नोकरी मी गेल्या वर्षी एका सोमवारी दुपारी स्वीकारली. ती घ्यावी की नाही, हे तपासण्यात त्याआधीचा आठवडा गेला होता.

मी ज्या दैनिकात उपसंपादक होते, त्याचा सोलापूरचा डेस्क पुण्याला हलवायचं ठरलं होतं. पुण्याला या किंवा राजीनामा द्या, असे दोन पर्याय आम्हाला देण्यात आले. बहुतेकांनी पुणे निवडलं. मला ते शक्य नव्हतं. काचबिंदूनं वडिलांची दृष्टी गेली आहे, आई नाही. सोलापूरच्या घरात अप्पा भिंतीला हात लावून सगळीकडे फिरतात, स्वतःचा चहा स्वतः करतात, संध्याकाळी कट्ट्यावर बसून शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये वाद घालतात. आदल्या उन्हाळ्यात ते पुण्याला माझ्या भावाकडे राहिले, तेव्हा कुणी हाताला धरून नेईपर्यंत पलंगावरून उठत नव्हते. त्यामुळे नोकरी कसली, यापेक्षा ती कुठे, हा प्रश्न मोठा होता.

मामा सुताचे व्यापारी आहेत. या कंपनीला त्यांचा माल जातो. त्यांनी शब्द टाकला आणि मालकांनी मुलाखतीला बोलावलं. काम परदेशी खरेदीदारांशी पत्रव्यवहाराचं होतं. धुतल्यावर टॉवेलचा रंग उतरतो, अशी एका खरेदीदाराची तक्रार होती. तिला उत्तर लिहायला त्यांनी मला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "यात चूक आपली आहे की नाही, तेच कळत नाही. छान लिहिलंय." उठताना म्हणाले, "आणि काम सोलापुरातच, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मेलवर नियुक्तिपत्र आलं. पगार पुण्यापेक्षा थोडा कमी होता, पण इथे घरभाडं नव्हतं. कामाच्या वेळा आणि रजा स्पष्ट लिहिल्या होत्या. सातवं कलम मात्र असं होतं: कंपनीच्या गरजेनुसार कर्मचाऱ्याची बदली कोणत्याही शाखेत करता येईल. कंपनीचं दुसरं कार्यालय मुंबईत होतं.

डेस्कवरच्या सहकाऱ्याला पत्र दाखवलं. तो म्हणाला, "हे कलम सगळ्यांच्याच पत्रात असतं गं. सही कर, टॉवेलवर अग्रलेख लिही आणि सुखी राहा."

एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही, ही सवय होती. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या फाटकासमोर चहाच्या गाड्यावर जाऊन उभी राहिले. भोंगा झाला तशा सायकली आणि मोटारसायकली बाहेर पडल्या. चहाला थांबलेल्या एका बाईंना विचारलं, कंपनी कशी आहे.

"मालक वरडतोय लई," त्या म्हणाल्या. "पण पगार कधी थांबवत न्हाय."

"खरेदीदारांना पत्रं लिहायला आधी कोण होतं?"

"एक सर हुते की. त्यांना मुंबईला धाडलं."

त्या सरांचा नंबर बाईंच्या सोबतच्या कामगाराकडे होता. संध्याकाळी फोन केला. त्यांनी कंपनी सोडली होती, पण तक्रारीचा सूर नव्हता.

"कंपनी चांगली आहे, मॅडम. पैसे वेळेवर."

"मग सोडली का?"

"चौथ्या महिन्यात मुंबईच्या ऑफिसला पाठवलं. तिथला माणूस गेला होता. थोडे दिवस सांभाळा म्हणाले. वर्ष गेलं."

"पत्रात बदलीचं कलम होतं?"

"होतं की. मी वाचलं नव्हतं."

त्या रात्री मी कंपनीला मेल लिहिला. देऊ केलेल्या जागेबद्दल आभार मानले. कामाचं ठिकाण सोलापूर असावं आणि बदली माझ्या लेखी संमतीशिवाय होऊ नये, एवढा बदल मागितला. वडिलांचं कारण एका वाक्यात दिलं. पाठवण्याआधी मामांना कळवणं भाग होतं. ते सकाळी घरी आले.

"मालकांनी तोंडानं सांगितलंय की, सोलापुरातच म्हणून. आता कागद मागतीस व्हय?"

"हो."

"माझं सूत जातंय तितं. उद्या मला म्हणतील, तुमची भाची लई शहाणी हाय."

"शहाणी आहे म्हणूनच घेतायत ना?"

आतून अप्पांचा आवाज आला, "लिहू दे की तिला. मला परत पुण्यात नेऊन ठेवलं, तर मी तुझ्याच दारात येऊन बसीन."

"तुमाला माझं दार कुटं दिसतंय, दाजी?"

"वासावर येतो. सुताचा वास काय लपतोय?"

मामा हसले, पण जाताना म्हणाले, "नाही म्हणाले तर मला बोलू नको." शुक्रवारी मेल गेला. शनिवारी उत्तर नाही. रविवारी कंपनी बंद. पुण्याला होकार किंवा नकार सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. होकाराचा मेल मी तयार करून ठेवला होता. त्याबद्दल अप्पांना काही बोलले नव्हते.

सोमवारी दुपारी मालकांचाच फोन आला.

"मॅडम, मी हैदराबादला लग्नात होतो, आज वाचलं. तोंडी शब्दावर भरवसा नाही का आमच्या?"

"आहे. पण मुंबईत उद्या माणूस कमी पडला, तर तो शब्द कुणाला आठवणार?"



"आधीच्या सरांशी बोललात वाटतं."

"हो."

"बरोबर आहे तुमचं. टॉवेलचा निळा कुठला, एवढं ठरवायलासुद्धा आम्ही खरेदीदाराकडून मेल घेतो. तुम्ही तर गाव ठरवताय. पाठवतो."

तासाभरात दुरुस्त पत्र आलं. सातवं कलम मी अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "आयतु," ते म्हणाले. कन्नडमध्ये याचा अर्थ झालं, ठरलं. सही केली, अटी मान्य असल्याचं मेलवर कळवलं, रुजू होण्याची तारीखही. पुण्याला नकार वेगळ्या मेलनं दिला, आभार मानून. तयार ठेवलेला होकार पुसून टाकला.

दुपारचं जेवण राहिल्याचं तेव्हा लक्षात आलं. भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि तिथेच सतरंजीवर आडवी झाले. त्या आठवड्यातली पहिली सलग झोप तीच. संध्याकाळी मामांच्या फोननं जाग आली.

"मालक आत्ताच म्हणाले, भाची कामाची हाय."

"शहाणी नाही म्हणाले?"

"ते बी म्हणाले."

पुढच्या महिन्यात मी रुजू झाले. हिवाळ्यात मुंबई कार्यालयातली एक जागा रिकामी झाली. तिथे पाठवण्याबाबत मला विचारणा झाली. मी लेखी नकार दिला. ती जागा मुंबईतल्याच उमेदवारांतून भरली गेली.