रिकामा डबा

आज समोरच्या झुलेखाभाभींनी माझा डबा रिकामा परत केला. मुलांनो, चाळीस वर्षांत आमच्यात भांडे कधी रिकामे परत गेले नाही. घरात काही केलेले नसले तर चिमूटभर साखर तरी असायची.

"आत या ना, भाभी."

"नको, ताई. मीटिंगचं मात्र फार सुंदर अक्षरात लिहिलंत."

खालचा फ्लॅट त्यांच्या मुलाला विकत घेऊ द्यायचा नाही, असे सोसायटीने ठरवले. त्या बैठकीचे इतिवृत्त मी लिहिले. बोलले मात्र काहीच नाही.

सध्या मी एका कुर्दी कवीच्या कविता इंग्रजीतून वाचते आहे. कुर्दांना हक्काची जागा न देणाऱ्या तुर्क, अरब, इराणी अशा सगळ्या शेजाऱ्यांवर तो फार चिडतो, आणि त्यांच्या घरी भाकरी कशी भाजतात हेही त्याला बारकाईने ठाऊक असते. त्यांच्या अंगणात जेवलेल्या माणसाचा तो राग आहे. परक्यांवर कुणी असे रागावत नाही. इतके दिवस मी त्याच्या बाजूने वाचत होते. आज वाटले, तो माझ्याकडेच बघून बोलतो आहे. पुढे वाचवेना, आणि समोरचे दार वाजवायचा धीरही होईना.