मागं बसलेला संपत

संपतनं मला फसवलं. रुमालाखाली हात देऊन फसवलं. त्याला जाऊन काही आठवडेच झालेत, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. चांगलं पुष्कळ आहे, तेही लिहितो. पण आधी हे.

मी गुरांच्या बाजारात दुसऱ्यांच्या बैलांना पाणी दाखवत वाढलो, पुढं दलाल झालो, आता माधवनगरला जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. बाजारात सौदा तोंडानं होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. एकदा बोट दाबलं की माघार नाही. संपतला हे मीच शिकवलं. तो मलकापूरचा, फौजेत पूल बांधणाऱ्या तुकडीत नावा चालवलेला. भावासाठी बैलजोडी घ्यायला आला, माझ्याशी कडाकडा भांडला, आणि संध्याकाळी चहा पाजून गेला. ती आमची ओळख.

अंदमानला असताना त्यानं बोटीतून एक बेट पाहिलं होतं. “पांढरी वाळू, मागं काळं रान. माणूस न्हाई का काणूस न्हाई. आमची बोट थांबलीच न्हाई गड्या…” हे मी किती वेळा ऐकलं असेल! निवृत्त झाल्यावर त्यानं दोघांनी वल्हवायची कयाक, म्हणजे लांबट अरुंद नाव, आणली आणि मला, धड पोहता न येणाऱ्याला, कृष्णेत पुढच्या जागेवर बसवलं. स्वतः मागं, कारण दिशा मागच्यानं धरायची असते. पहिल्याच दिवशी मी दोघांनाही भिजवलं. “आरं, वल्हं हाय ते, ट्रॅक्टरचा गिअर न्हाई! पाण्यासंगं घासाघीस करू नगंस, ते ऐकत नसतंय.” नावेत त्याचं तोंड मला कधी दिसलं नाही. मागून नुसता आवाज यायचा… मला तेवढा पुरायचा.

मग रविवार बेटाचे झाले. सकाळी नदी, दुपारी त्याच्या घरच्या सोप्यात बेत. विमान कुठून, मोठी बोट कुठवर, परवाना कोणाचा, पुढं कयाकनं किती जायचं. तिथल्या सहलवाल्याशी फोनवर बोलायचं काम माझं. तंबू तुमचा, जेवण तुमचं, आम्ही परतेपर्यंत तुमचा माणूस किनाऱ्यावरून हलणार नाही, असं मी दरडावत असताना संपत शेजारून कुजबुजायचा, “नारळपाणी बी फुकट माग त्याला.” मी खरंच मागायचो, आणि हा पोट धरून हसायचा. सुनंदावहिनी, त्याची बायको, आतून म्हणायच्या, “आवं, बेटावर निघालाय का लगीन ठरवताय?” मला पैसा मिळाला, माणसं घाबरून बोलायला लागली, पण त्या सोप्यासारखं हसणं दुसरीकडं कुठं मिळालं नाही.

पावसाळा सरला तेव्हा तो वाळलेला दिसला. “शुगर हाय. गोड बंद केलंय.” मी विश्वास ठेवला. नदीवर उलट माझं कौतुक करायचा: “लय ताकद आली रं तुझ्या हातात!” आणि खरंच, नाव मला जड लागायची, तरी मी ओढायचो. मग एका दुपारी मी तारखेसाठी अडून बसलो. त्यानं खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. मी एक बोट दाबलं, जानेवारी. त्यानं दोन दाबली. “थंडी सरू दे गड्या. फेब्रुवारी पक्का.” मी तिकिटं काढली.

संक्रांतीच्या आधी वहिनींचा फोन आला. मी एका गिऱ्हाइकाशी टायरांवरून वाद घालत होतो. वाद तिथंच राहिला.

दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

“व्हय. डॉक्टरनं गणपतीतच सांगितलं हुतं, थोडंच दिस ऱ्हायल्यात म्हणून. हे म्हणाले, त्याला सांगू नगंस. कळलं तर बेट ऱ्हाईल बाजूला आणि डॉक्टरसंगं भांडत बसंल.” मग म्हणाल्या, “मी डबा घिऊन घाटावर बसायची न्हवं का… दसऱ्यानंतर ह्यांनी वल्हं नुसतं मांडीवर ठिवलेलं असायचं, भावजी. तुमी एकटंच मारत हुता.”

मी उठून आलो. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. गणपतीत कळलं असतं, तर पाऊस उघडताच मी त्याला नेलं असतं. वल्हं मारता आलं नसतं, तर मी मारलं असतं. मारतच होतो की! वाळूवर त्याला उचलून उतरवलं असतं. त्यानं ते बेट दुसऱ्यांदा लांबूनही पाहिलं नाही, कारण वहिनी, तुम्ही दोघांनी माझ्यावाचून ठरवून टाकलं.

हा फेब्रुवारीच चालू आहे. पेपराचं हे पान तुमच्या घरी येतं, वहिनी, म्हणून इथं लिहितोय. संपत आता बोलायचा नाही. तेव्हा जाब तुम्ही द्यायचा. त्यानं नको म्हटलं ते कळलं, पण तुम्ही मला का नाही सांगितलंत? रविवारी येतोय. चहा टाकू नका. आधी उत्तर द्या.