नवा दोर मोटारीसाठी

मंडळी, आज सकाळी घडलं ते रागातच लिहून राह्यलो.

आमी चौघं झाडं छाटणारे. धामणगाव बढ्याच्या सडकेवर कडुनिंबाच्या फांद्या तोडत होतो. नामदेव वर चढलेला, कंबरेला तीन गाठींचा जुना दोर. महिन्यापासून नवा मागतो, तर सडकेचे ओव्हरसिअर सायब म्हणतात, सरकारकडे नाही.

मी खाली करवतीले धार लावत होतो. गोष्टी चालल्या होत्या मोटारीच्या आन् स्वराज्याच्या. नामदेव वरून म्हणे, "स्वराज्य आलं की पयले दोर मागू."

तेवढ्यात सायबांचीच मोटार नाल्याच्या चिखलात फसली. त्यांनी मोटारीतून कोरा करकरीत दोर काढला. म्हणे, "ओढा."

नामदेव खाली उतरला. "सायब, हा दोर आमाले काऊन नाही देल्ला?"

"स्वराज्याचं राजकारण मले शिकवू नको बे. मोटार काढ."

"दोर आमाले द्या, मंग ओढतो."

आमी चौघंही हात बांधून उभे राह्यलो. सायबांनी शेतातून बैल आणवले, मोटार काढली, दोर गुंडाळून नेला. जाता जाता आमाले कामावरून काढलं.

झाडावरून माणूस पडू नये म्हणून दोर मागणं, हे राजकारण कसं झालं? तुमच्यापैकी कोणाले समजलं असल तर मले सांगा.