साडूंच्या इंजिनाची वाचा

इंजिनाच्या आवाजासाठी भरल्या ताटावरून उठणारा माणूस अख्ख्या सोलापुरात आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. उठणारा म्हणजे खरोखर उठणारा. मैंदर्गीला एका लग्नात पंगत बसली होती, पानात जिलेबी पडली होती आणि दूर कुठेतरी भोंगा वाजला. आता तिथे रूळ किती लांब, वारा कुठला, पण साडूंचे कान टवकारलेच. "हे आपल्याकडचं न्हाय, बाहेरचं इंजिन हाय," असं म्हणून ते मांडवाबाहेर चालते झाले. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुणे रुसले. दोन वडीलधारे मागे धावले, हातापाया पडून त्यांना परत आणलं आणि रुसवा काढायला टॉवेल-टोपी दिली. तो भोंगा ट्रकचा निघाला, आणि टॉवेल साडूंच्याच कारखान्यातला निघाला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. माग जुने, खटाखट आपटणाऱ्या धोट्याचे. आत शिरलं की आपण काय बोलतोय ते आपल्यालाच कळत नाही. तिथे उभा जन्म काढलेल्या माणसाने घरी तरी शांत बसावं की नाही? पण घरी त्यांनी बैठकीच्या खोलीत भिंतीकडेने फळ्या ठोकून त्यावर रूळ अंथरलेत. रूळ टीव्हीच्या मागून जातो, देवघराला वळसा घालतो आणि सोफ्याच्या पाठीवरून परत येतो. त्यावर बोटभर लांबीचं डिझेल इंजिन चार डबे घेऊन फिरतं. दिसायला हुबेहूब, अगदी पायऱ्यांचे दांडेसुद्धा. पण आवाज मात्र डासाचा. "मुकं जनावर हाय हो ते, पाव्हणं," साडू मला म्हणाले. "एवढं रुबाबदार अंग आन् तोंडातनं शब्द न्हाय. त्याला वाचा द्याय पायजे."

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांतल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आवाज साठवणारी नखाएवढी चिप त्यांनी कुठूनशी मागवली, पण तिचा आवाज बाहेर यायला स्पीकर हवा, तोही बोटभर इंजिनाच्या पोटात मावणारा. मग जुने मोबाइल फुटले, माझ्या बायकोचे इअरफोन गेले, भाचीची बोलणारी बाहुली कायमची गप्प झाली. नुसता स्पीकर म्हणजे तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरणारा. त्याला घुमायला मागे बंद डबी लागते, हा शोध त्यांना लागला. त्या दिवशी अक्कांची, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीची, पिंजरीची, म्हणजे कुंकवाची, इवलीशी डबी देव्हाऱ्यातून गेली. डबी बसवायची तर इंजिनातलं वजन काढायला हवं, आणि वजन काढलं तर चाकं जागेवरच गरगरतात. तेही जमवलं, तर आवाज मध्येच ठसका लागल्यासारखा तुटायला लागला. स्पीकर बदलला, तारा बदलल्या, चिप बदलली. शेवटी अक्कांनी भिंग लावून बघितलं, तर रुळातून वीज घेणाऱ्या चाकांच्या आसांना टॉवेलचे तंतू गुंडाळलेले! कारखान्यातून आल्या कपड्यांनी साडू रुळावर ओणवे होत होते. त्यानंतर घरात नियम झाला: अंघोळ केल्याशिवाय इंजिनाला शिवायचं नाही. देवपूजेला ते इतकं सोवळं पाळत नाहीत.

मला कुतूहल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या सगळ्याला एवढी घाई का? अक्कांनी एकदा चहा गाळता गाळता सांगितलं. डॉक्टरांनी कान तपासले होते. मागांनी कान खाल्लेत, म्हणाले. उरलंय तेही हळूहळू जाणार. साडू घरी येऊन एवढंच बोलले, "जायच्या आधी एकदा ते इंजिन नीट ऐकायचंय." तिकडे रुळांवर विजेच्या तारा आल्यात, डिझेल इंजिनं कमी होत चाललीत. इकडे कान चालले, तिकडे आवाज चालला, असं दोन्हीकडून होतं. हे कळल्यावर मला त्यांची चेष्टा करायचा धीर होईना. म्हणजे केली, पण जरा बेतानं.

आवाज आणायला मीही गेलो होतो. गावाबाहेर रेल्वे फाटकाशी एक मालगाडी सिग्नलसाठी खोळंबली होती. साडूंनी छत्रीच्या टोकाला मोबाइल बांधला, वाऱ्याचा फरफराट नको म्हणून त्यावर पायमोजा चढवला आणि ती छत्री इंजिनाच्या दिशेने धरून उभे राहिले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काय चाललंय वो काका?"

"तुमच्या इंजिनाचा आवाज घेतोय."

"घ्या की. लई हाय." आणि त्या भल्या माणसाने निघताना लांबलचक भोंगाही दिला. साडूंचे डोळे भरून आले.

मोबाइलमधला तो आवाज चिपमध्ये उतरवायची त्यांची रीत साधी होती: मोबाइल वाजवायचा आणि चिपचा बारीक माइक त्याच्यासमोर धरायचा. घरात टीव्ही, कुकर, अक्का. म्हणून हे काम त्यांनी कारखान्यातल्या आपल्या केबिनमध्ये, दार लावून, "एकदम शांततेत" केलं.

रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर शेंगाची पोळी. हात धुवून सगळे ओळीत बसलो. साडू अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. इंजिन जागेवर घुरघुरलं, मग दमदार आवाज चढत गेला, भोंगा वाजला. खरंच अंगावर काटा आला. पण त्याच्या मागून, अगदी स्पष्ट, खटाक-फटाक, खटाक-फटाक.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या बायकोला कुठे थांबायचं ते कधीच कळत नाही. "दाजी, तुमची गाडी जाता जाता टॉवेल विणती का काय?"

"कसले टॉवेल?"

"माग वाजायलेत की मागं!"

साडूंनी इंजिन उचलून कानाशी धरलं. एका कानाशी, मग दुसऱ्या. "कुटं? मला तर नुसतं इंजिनच ऐकू येतंय." अक्कांकडे बघितलं, त्यांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे बघितलं. जे आवाज आम्हाला बधिर करतात, ते त्यांच्या लेखी शांतता होते.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते कारखान्यात गेले आणि भरदुपारी सगळे माग बंद करायला लावले. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे अण्णा, धावत आले. "मालक, काय झालं? कोण गेलं?" कारण कुणी वारल्याशिवाय दिवसा माग थांबलेले त्यांनी पाहिले नव्हते. एकेक माग थांबत गेला. साडूंनी चिप आणि मोबाइल समोर मांडले, बोट ओठांवर ठेवलं आणि एकदम माझा हात धरला.

"थांबा पाव्हणं. कुटली तरी गाडी यायलीय. शिट्टी ऐका."

मी ऐकलं. अण्णांनी ऐकलं. कुठेही शिट्टी नव्हती. आम्ही थांबलो, साडूही गाडी जाण्याची वाट बघत थांबले. ती काही जाईना. अण्णांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आणि ते साडूंनी पाहिलं. ते खुर्चीवर बसले. ती शिट्टी त्यांच्या कानातलीच होती; मागांच्या गदारोळात आजवर त्यांना कळलीच नव्हती. मला फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "चालू द्या शिट्टी. आपलं काम करून घेऊ," आणि आवाज उतरवून घेतला. स्वच्छ उतरला.

पुढे डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आता रविवारी आम्ही गेलो की इंजिन सुटतं. मी रुळाजवळ खाली बसून पूर्ण ऐकतो आणि मग सांगतो: कसं घुरघुरलं, कुठे दम धरला, चढावर आवाज कसा भरला, भोंगा कुठे विरला. साडूंना सगळं पाहिजे असतं, काही गाळलं की पुन्हा विचारतात. इंजिन देवघरामागे निघून जातं. ते तिकडे बघतही नाहीत. ते माझ्या ओठांकडे बघत असतात.