भाऊ समोर होता म्हणून

मातालेनाचे हात बघून त्यांत काही गुण असेल असं कुणाला वाटलं नसतं. बोटं आखूड, नखं तंबाखूनं पिवळी पडलेली, आणि तळवे इतके खरखरीत की "हिला नारळ सोलायला कोयता लागत नाही," असं तिचा नवराच, तो होता तोवर, म्हणायचा. पण दक्षिण समुद्रातल्या आमच्या सावाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कुणाची पाठ धरली, मान अवघडली, बाळंतिणीचं पोट जागेवर बसेना, की पहिलं नाव निघायचं ते तिचं. डॉक्टरचं नाव नंतर. डॉक्टरकडे जायला बस लागते, मातालेनाकडे अंगण ओलांडलं की पोचलं.

अंग चोळण्याची ही विद्या तिला आईनं दिली होती, आणि विद्येबरोबर एक अट घातली होती. हात लावायच्या आधी विचारायचं, दवाखान्याचं औषध चालू आहे का. चालू असेल तर हात लावायचा नाही. "दोन औषधं एका अंगात शिरली की भांडतात, आणि मार बसतो अंगाला," असं आई सांगायची. मातालेनानं ही अट उभा जन्म पाळली. एकदा खुद्द पाद्रीबाबा कंबर धरून आले. दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत म्हणाले, तर हिनं त्यांना कोको पाजला आणि तसंच वाकलेलं परत पाठवलं. पाद्रीणबाई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलत नव्हत्या. मातालेनानं त्याचं काही वाटून घेतलं नाही. माणसं रुसतात आणि आपली आपण हसतात, असं तिचं मत होतं.

तिला मुलं पुष्कळ झाली, काही गेली, उरलेली बहुतेक परदेशी पांगली. थोरली वायोला सिडनीत होती. तिच्या पाठचा इओपू तेवढा गावात राहिला, अळूची शेती करत. ही दोघं लहानपणी एका ताटातली. वायोला समुद्रावर निघाली की हा मागे, ती शाळेत गेली की हा कुंपणाला लटकलेला. मग मोठी झाली आणि रीतीप्रमाणे वेगवेगळ्या छपरांखाली झोपू लागली, बोलणं मोजकं झालं, थट्टा तर बंदच. आमच्याकडे बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातलं बुबुळ. तिच्यासमोर वावगा शब्द निघाला तर भाऊ उठून जातो, नाहीतर बोलणाऱ्याचे दात पाडतो. ही रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण याच रीतीनं या घराचा घात केला, हेही झाकून ठेवणार नाही.

वायोलाचं चौथं बाळंतपण जिवावरचं झालं होतं. त्यानंतर दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की ती कामावर भोवळ येऊन पडायची. एका वृद्धाश्रमात ती कपडे धुण्याच्या कामाला होती. शेवटी तिथल्या डॉक्टरणीनं मूल न होण्याच्या गोळ्या दिल्या. म्हणाली, दोन्ही कामं होतील, रक्तही आवरेल आणि पाचवंही यायचं नाही. आणि खरंच, वर्षभरात वायोला माणसांत आली. गालांवर रंग चढला, दिवसभर उभी राहू लागली, चर्चच्या गाण्यात तिचा आवाज पुन्हा वरचा लागू लागला. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. आईला सांगायचं राहिलं होतं. फोनवर सांगणार कसं? फोन गावच्या दुकानात, आणि दुकानात सदानकदा अर्धं गाव. आता गेले की एकांत बघून सांगेन, असं तिनं ठरवलं होतं. आई ओरडली नसतीच. नऊ बाळंतपणं काढलेली बाई, ती म्हणाली असती, बरं केलंस.

त्या वर्षी इओपूला घराण्याचं सरदारपद मिळायचं होतं. बहिणीशिवाय तो सोहळा कसला? नवऱ्याकडे मुलं सोपवून वायोला एकटी निघाली. विमानात बसून, मग विमानतळावर बसून, मग दुसऱ्या विमानात, बोटीत आणि बसमध्ये बसून ती गावात आली ती थेट पाहुण्यांच्या गराड्यात. आणि सोहळ्याच्या दिवशी पुन्हा सकाळपासून मांडी घालून बसली. सरदारांसमोर पाय पसरायचा नसतो. ती सारखी चुळबुळ करायला लागली तेव्हा मावशीनं टोमणा मारलाच.

"सिडनीच्या खुर्च्यांनी मांडी विसरायला लावली वाटतं बाईला."

"मी नाही गं विसरले मावशी," वायोला म्हणाली. "मांडीच मला विसरली."

बायका खूप हसल्या. दुसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजून टम्म झाली होती. कातडी ताणलेली, हात लावला तर चटका बसेल अशी गरम. ती लंगडताना इओपूनं पाहिलं आणि त्याचं धाबं दणाणलं. आदल्या दिवशीच सरदार झालेला माणूस, पण त्यानं स्वतः केवड्याची चटई अंथरली, उशी आणली, बहिणीला धरून निजवलं आणि उशाशी पंखा घेऊन बसला. शेजारचा म्हातारा रस्त्यावरून बघत होता. आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. सगळ्यांना सगळं दिसतं.

"काय सरदार, पहिलंच काम माशा हाकायचं का?"

"माझी बहीण आहे," इओपू म्हणाला. "माशाच काय, तुम्हालाही हाकेन."

मातालेना तेलाची बाटली घेऊन आली. पायाशी बसली, पोटरीवर हाताची पालथी बाजू ठेवून पाहिली. "मुकाट बसून बसून रक्त गोठलंय," ती म्हणाली. मग जन्मभर विचारत आली तसं तिनं विचारलं, "दवाखान्याचं काही चालू आहे का गं?"

वायोलानं मान किंचित वळवून वर पाहिलं. वर इओपूचा चेहरा होता.

"सांग ना, आई विचारतेय," तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला.

आता शहाणी माणसं म्हणतील, यात लाजायचं काय? त्यांनी खुशाल म्हणावं. त्या गोळीचं नाव घ्यायचं म्हणजे नवऱ्याच्या अंथरुणाची गोष्ट भावाच्या तोंडावर करायची. ती करण्यापेक्षा आमच्याकडची बाई दहा दुखणी सोसेल. आणि वायोलाला कुठं माहीत होतं, की हे दहांतलं नव्हतं?

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

मातालेनाला तो थांबलेला क्षण जाणवला होता. वेदनेनं थांबली असेल, असं तिला वाटलं. तिनं इओपूला 'जा, एक नारळ काढून आण' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एरवी कुणा परक्या बाईचं अंग चोळताना ती पुरुषांना असंच कामाला लावून द्यायची. पण हा भाऊ होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याला हाकलायचं तिच्या जिवावर आलं. तिनं तळव्यावर तेल घेतलं आणि घोट्यापासून वर चोळत गेली. गाठीवर अंगठा ठेवून जोर लावला. वायोलानं कापड दातांत धरलं होतं. नंतर तिला शांत झोप लागली. उठल्यावर म्हणाली, "आई, तुझा हात लागला ना, निम्मं उतरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर तोंड धुवायला गेली आणि तिथंच छातीवर हात ठेवून खाली बसली. "आई, श्वास येत नाही," म्हणाली. कुणाचा तरी मालवाहू ट्रक मिळाला. मागच्या फळीवर इओपूनं तिला मांडीवर घेतलं होतं. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच ती गेली.

नर्सबाईंनी पाय पाहिला आणि पहिला प्रश्न तोच केला, काही औषध चालू होतं का. इओपूची बायको फिलेमू हिला निघायच्या घाईत वायोलाच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं, ते तिनं पदराआडून काढावं तसं हळूच पुढे केलं. नर्सबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मातालेनाला खाली बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं.

"गोळी वाईट नाही हो. बहुतेकींना काहीसुद्धा होत नाही, हिला तर तिचा फायदाच झाला. पण एखादीच्या रक्तात गाठ धरते. त्यात इतका प्रवास, इतकं बसणं. एकच पाय असा सुजला, गरम झाला, की सरळ इकडे यायचं. तो चोळायचा मात्र नाही. चोळला की गाठ सुटते आणि वर फुप्फुसात जाऊन अडकते. कुणी चोळला का पाय?"

"मी," मातालेना म्हणाली.

"मग गोळ्या घेते हे तिनं सांगितलं नाही तुम्हाला?"

मातालेनानं दाराकडे पाहिलं. दारात इओपू उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

वायोलाला घरासमोरच पुरलं. सिडनीहून नवरा आणि मुलं आली, रडली, परत गेली. गाव काही दिवस हळहळलं आणि कामाला लागलं. इओपू मात्र लागला नाही. तो सरदारांच्या बैठकीला जाईना, शेतात जाईना. थडग्याच्या कडेवर बसून राहायचा. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास उष्टे करून सारायचा. झोप तर उडालीच होती. आणि आईला फिरून फिरून एकच विचारायचा.

"तू विचारलंस तेव्हा ती माझ्याकडे बघत होती ना?"

"नाही रे. माझ्याकडे."

"माझ्याकडे, आई. मी तिला म्हटलं, सांग ना. मी तिथं नसतो तर तिनं सांगितलं असतं."

"तुझं आपलं काहीतरीच. जेव तू."

पण तो खुळा नव्हता. जे आईला कळलं होतं तेच त्यालाही कळलं होतं, आणि दोघं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होती. मग एका सकाळी नीरफणस भाजताना फिलेमू सासूजवळ सरकली आणि चुलीकडे बघत म्हणाली, "आई, शेतातलं तण मारायचं औषध मी माहेरी नेऊन ठेवलंय."

मातालेना बराच वेळ चुलीपाशीच बसली. पोटचं एक गेलं होतं. दुसरं अंगणात बसून जात होतं. उठली तेव्हा तिनं चेहरा धुतला, चर्चला जाताना नेसायची ती पांढरी वस्त्रं नेसली आणि थडग्यापाशी जाऊन मुलासमोर उभी राहिली.

"इओपू, आजवर बोलले नाही ते सांगते. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गोळीचं. आली त्याच दिवशी तिनं सांगितलं होतं मला. आम्ही दोघीच होतो."

इओपूनं वर पाहिलं. "मग सगळ्यांपुढे विचारलंस कशाला?"

"विचारायची रीत म्हणून विचारलं. तू बसला होतास, म्हणून नाही म्हण, असं मीच तिला डोळ्यांनी खुणावलं."

"आणि माहीत असून हात लावलास?"

"लावला. एवढीशी गोळी, ती माझ्या हातापुढे काय टिकणार, असं वाटलं. माज होता मला हातांचा."

यातला एक शब्दही खरा नव्हता. ज्या बाईनं पाद्रीबाबांना वाकलेलं परत पाठवलं, तिला कसला माज! पण इओपूला ते खरं वाटलं, कारण ते खरं वाटणं त्याला जगायला हवं होतं. तो उठला. आईच्या तोंडाकडे असा बघत राहिला, जणू ही कुणी परकी बाई आहे. मग घरात गेला, फिलेमूजवळ जेवायला मागितलं, पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला.

फिलेमूनं मागच्या अंगणात सासूला गाठलं. "आई, तुम्ही खोटं सांगितलंत."

"नवरा उठला की त्याला कोको दे. साखर जास्त घाल," मातालेना म्हणाली.

पुढं व्हायचं ते झालं. इओपूनं घर हलवलं, सासुरवाडीच्या बाजूला नवं बांधलं. त्याच्या तोंडून गोष्ट गावात गेली, आणि तिथं त्या गोष्टीला हातपाय फुटले. माहीत असून हिनं पोरीला मारलं, असं लोक म्हणू लागले. पाठ धरलेली माणसं अंगणापर्यंत येईनात. इओपूनं नव्या घरी फोन घेतला, सिडनीहून नातवंडांचा फोन येतो तो तिथंच. पाद्रीणबाई तेवढ्या आल्या होत्या, खरं काय ते विचारायला. मातालेना त्यांना म्हणाली, "लोक सांगतात तेच खरं."

तिनं कधीच कुणाला खरं सांगितलं नाही. मला विचाराल तर तिच्यावर फार अन्याय झाला, आणि तो तिनं स्वतः मागून घेतला.

परवा रविवारी चर्च सुटल्यावर इओपू समोरून गेला. अंग भरलंय, चांगला सरदारासारखा दिसतो, चालताना तेवढा डावीकडे कलतो. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फिलेमू दोन पावलं मागे राहिली, तेव्हा मातालेनानं तिला हळूच हाक मारली.

"त्याची पाठ धरलीय का गं?"

"हो. पलीकडच्या गावातली बाई येते चोळायला. पण उतरत नाही."

"ती कण्यावर जोर लावत असेल. गाठ डावीकडे आहे, शेवटच्या बरगडीच्या खाली. तेल कोमट करून घे म्हणावं."

"आणि कुणी सांगितलं असं त्यांनी विचारलं तर?"

"तुझ्या मनचं आहे म्हण," मातालेना म्हणाली. "आणि तू आता पुढे हो, तो थांबलाय तुझ्यासाठी."